गाळातला पारा आणि ताटातली सुरमई

गेल्या वर्षी आई अलिबागहून आमच्याकडे मेरीलँडला आली तेव्हा मला पाचवा महिना लागला होता. बॅगेत घरचा मसाला, आगळाची बाटली आणि डोक्यात एकच विचार, लेकीला नीट खायला घालायचं. दुसऱ्याच दिवशी ती माझ्या नवऱ्याला घेऊन देशी दुकानात गेली आणि फ्रोझन सुरमईच्या तुकड्या घेऊन आली. फ्रिज उघडताना तिची नजर दारावर चुंबकाने लावलेल्या पत्रकावर गेली. डॉक्टरांकडून मिळालेलं, गरोदर बायकांनी कोणते मासे खावेत आणि कोणते टाळावेत याचं सरकारी पत्रक. टाळायच्या यादीत शार्क होता, स्वोर्डफिश होता आणि किंग मॅकरेल होता.

"किंग मॅकरेल म्हणजे काय गं?" मी फोनवर फोटो दाखवला. "अगं, ही तर आपली सुरमई!"

काटेकोर बोलायचं तर अमेरिकेतला किंग मॅकरेल आणि आपली सुरमई एकाच कुळातल्या दोन वेगळ्या जाती आहेत. सख्ख्या नाहीत, चुलत बहिणी म्हणा. पण दोघी मोठ्या, दोघी शिकारी, लहान मासे खाऊन वाढणाऱ्या. तसं मी आईला सांगितलं, त्यात पारा असतो हेही सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या वेळी मी नऊ महिने खाल्ली. आणि समुद्रात पारा कुठून आला? आला तर माशाच्या अंगात कसा गेला?"

पहिल्या वाक्यावर मी गप्प बसले. दुसऱ्या प्रश्नावर मात्र माझं पोट चालतं. मी समुद्रकाठच्या गाळातल्या सूक्ष्मजीवांवर संशोधन करते. आईच्या प्रश्नाचं पुरतं उत्तर मिळायला जगाला अर्ध्या शतकाहून जास्त काळ लागला, आणि ते वेळेवर न मिळाल्याची किंमत हजारो माणसांनी मोजली. त्या रात्री आईला अर्धवट सांगितलेली गोष्ट इथे पूर्ण सांगते.

मिनामाता

जपानच्या क्युशू बेटावर शिरानुई नावाचा एक शांत, जवळजवळ बंदिस्त समुद्र आहे. त्याच्या काठावर मिनामाता हे गाव. १९०८ साली तिथे एक रासायनिक कारखाना आला, पुढे तो चिस्सो या नावाने ओळखला गेला. १९३२ पासून तिथे ॲसिटाल्डिहाइड बनू लागलं. पाण्यात पाऱ्याचं सल्फेट टाकायचं आणि त्यातून ॲसिटिलीन वायू सोडायचा. पारा इथे उत्प्रेरक, म्हणजे काम करून देणारा पण स्वतः न संपणारा. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात सांडपाण्याबरोबर तो हयाक्केन बंदराकडच्या नाल्यातून खाडीत जात राहिला. एकूण ७० ते १५० टन पारा गेला असावा असे अंदाज आहेत.

१९५० नंतर कोळ्यांच्या वस्तीत विचित्र गोष्टी घडू लागल्या. मांजरं गोल गोल फिरायची, लाळ गाळायची, समुद्रात पडून मरायची. लोक त्याला मांजरांचा नाचरा आजार म्हणत. मग माणसांची पाळी आली. बोटं बधिर होणं, जीभ अडखळणं, तोल जाणं, नजरेची कड मिटत जाऊन नळीतून पाहिल्यासारखं दिसणं. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच दवाखान्याचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनी आरोग्य खात्याला कळवलं की मज्जासंस्थेचा एक अज्ञात आजार पसरतो आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस कुमामोतो विद्यापीठाच्या गटाने सांगितलं, हा संसर्ग नाही, खाडीतल्या मासे-शिंपल्यांतून जाणारं जड धातूचं विष आहे.

पण कोणता धातू? मँगेनीज, सेलेनियम, थॅलियम अशी एकेकाची झडती झाली. १९५८ मध्ये ब्रिटिश मज्जातज्ज्ञ डग्लस मॅकअल्पाइन यांनी रुग्ण पाहिले. इंग्लंडमधल्या बियाण्यांना लावायची औषधं बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांची, १९४० साली नोंदवलेली लक्षणं त्यांना आठवली. तिथे विष होतं मिथाइल पारा, म्हणजे कार्बनशी जोडलेला, सेंद्रिय पारा. जुलै १९५९ मध्ये कुमामोतोच्या संशोधकांनी जाहीर केलं की मिनामाताचा आजार सेंद्रिय पाऱ्याचा आहे. नाल्याच्या तोंडाशी असलेल्या गाळात टनाला सुमारे २ किलो पारा सापडला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण खरी लढाई इथूनच सुरू झाली. कारखान्याचं म्हणणं होतं, आम्ही वापरतो तो असेंद्रिय पारा, माशात सापडला तो सेंद्रिय. एकाचा दुसरा होतो कसा, ते आधी सिद्ध करा. विद्यापीठाला त्या घडीला ते सांगता येत नव्हतं. त्या फटीतून मग काहीही आत आलं. युद्धाच्या वेळी खाडीत टाकलेल्या दारूगोळ्याचा हा परिणाम आहे, कुजके मासे खाल्ल्याने झालेली विषबाधा आहे. विज्ञानातली एक रिकामी जागा तेवढ्या काळापुरती कारखान्याची ढाल झाली.

त्यातलं सर्वांत वाईट हे की उत्तराचा मोठा भाग कारखान्याच्या आतच होता. होसोकावांनी ॲसिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिलं. प्रयोगातलं ते ४०० व्या क्रमांकाचं मांजर. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्याला तोच आजार झाला. व्यवस्थापनाने निष्कर्ष दडपला. त्याच डिसेंबरमध्ये सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र थाटामाटात सुरू झालं, ते सेंद्रिय पारा काढतच नव्हतं. आणि वर्षअखेरीस रुग्णांशी करार झाला. सहानुभूतीची थोडी रक्कम घ्या, आणि पुढे कारखान्याचा दोष सिद्ध झाला तरी जास्त मागू नका. होसोकावांनी मांजराची गोष्ट न्यायालयापुढे सांगितली ती १९७० मध्ये, मरणशय्येवरून. १९७३ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने तो करार रद्दबातल ठरवला आणि रुग्णांच्या बाजूने निकाल दिला.

१९६३ मध्ये इरुकायामा कात्सुरो यांनी ॲसिटाल्डिहाइड विभागाच्या गाळातूनच मिथाइल पारा वेगळा करून दाखवला. म्हणजे मिनामातातलं बरंचसं विष रासायनिक क्रियेच्या भांड्यातच, जोडउत्पादन म्हणून तयार होत होतं. तरीही ॲसिटाल्डिहाइडचं उत्पादन मे १९६८ पर्यंत चाललं, आणि सप्टेंबर १९६८ मध्ये सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं. दरम्यान १९६५ मध्ये नीगाता प्रांतात आगानो नदीकाठी, दुसऱ्याच कंपनीच्या तशाच कारखान्याखाली, तोच आजार पुन्हा उभा राहिला होता. मिनामाताच्या पट्ट्यात आजवर अधिकृत रुग्ण ठरले २,२०० हून अधिक. दावे त्याच्या कितीतरी पट.

मग सूक्ष्मजीव या गोष्टीत येतात कुठे? मिनामाताचे मुख्य गुन्हेगार ते नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. माझ्या विषयावरच्या भाषणांत कधी कधी घाईत असं ऐकू येतं की जिवाणूंनी पाऱ्याचं विष केलं आणि मिनामाता घडलं. तसं म्हणणं म्हणजे कारखान्याला दुसऱ्यांदा सोडून देणं आहे. जिवाणूंचं प्रकरण दुसऱ्या देशात उघडलं.

स्वीडनचं कोडं

१९५० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये शेतातले पक्षी मरू लागले. बियाण्यांना बुरशी लागू नये म्हणून मिथाइल पारा लावत, ते दाणे पक्षी टिपत. १९६६ मध्ये त्या औषधावर बंदी आली. पण पाठोपाठ सरोवरांतल्या पाइक माशांत पारा सापडला. गुनेल वेस्टो या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ मध्ये दाखवलं की माशांतला जवळपास सगळा पारा मिथाइल पाराच आहे. कोडं असं की आसपासचे कागद कारखाने आणि मिठाच्या पाण्यातून क्लोरीन बनवणारे कारखाने पाण्यात सोडत होते ते पाऱ्याचे दुसरेच प्रकार. मिथाइल पारा कोणी सोडतच नव्हतं, तरी माशांत तोच भरलेला.

तोवरची समजूत अशी की पारा जड आहे, तळाशी जाऊन बसतो, गाळात गाडला जातो, विषय संपला. सोरेन येन्सेन आणि आर्ने येर्नेलव्ह या दोघांनी तळाचा गाळ भांड्यात घेतला, त्यात साधा असेंद्रिय पारा घातला आणि काही दिवस ठेवून दिला. मिथाइल पारा तयार झाला. तोच गाळ आधी उकळून निर्जंतुक केला तर काहीच झालं नाही. १९६९ मध्ये 'नेचर' नियतकालिकात हे दोन पानांत छापून आलं. गाळात काहीतरी जिवंत होतं आणि तेच पाऱ्याला मिथाइल जोडत होतं.

दहा वर्षांपूर्वी मिनामातात विचारला गेलेला प्रश्न, असेंद्रियाचा सेंद्रिय होतो कसा, त्याला आता दुसरं उत्तर मिळालं होतं. आणि ते पहिल्यापेक्षा जास्त धास्तीचं होतं. कारण मिनामातासाठी विशिष्ट कारखाना लागत होता. या उत्तराला कारखाना लागत नाही. कुठूनही आलेला पारा, कोळशाच्या धुरातून पावसाबरोबर उतरलेला सुद्धा, प्राणवायू नसलेल्या गाळात पोचला की पुरे. तिथून तो बारीक जीवांत, त्यांच्यातून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत. शरीरातून तो फार हळू बाहेर पडतो, म्हणून प्रत्येक पायरीवर साठा वाढतो. शेवटच्या पायरीवर उभी असते सुरमई.

न्यू जर्सीतला काळा चिखल

ओहोटीला खाडीत पाय रोवला की वर येणारा काळा चिखल आणि त्याचा सडक्या अंड्यासारखा वास कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. वरचे काही मिलिमीटर सोडले तर खाडीच्या गाळात प्राणवायू नसतो. तिथले काही जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर श्वास चालवतात, आपण प्राणवायूवर चालवतो तसा, आणि उच्छ्वासात सल्फाइड सोडतात.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची एडिसनला वाणसामानासाठी फेरी होते. तिथून जवळच रट्गर्स विद्यापीठ आहे. तिथल्या कॉम्पो आणि बार्था यांनी १९८५ मध्ये खाडीच्या गाळावर एक साधा प्रयोग केला. मोलिब्डेट नावाचं क्षार फक्त सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंना अडवतं. ते गाळात घातल्यावर मिथाइल पारा तयार होणं ९५ टक्क्यांहून जास्त घटलं. गाळात राहणाऱ्या असंख्य जातींमधून बोट एका गटावर ठेवता आलं.

यात एक चमत्कारिक गोम आहे. हेच जिवाणू सोडतात ते सल्फाइड शिसं, कॅडमियम, जस्त, तांबं यांना पकडून न विरघळणाऱ्या कणांत बांधून टाकतं. खाडीतले जीव या धातूंपासून वाचतात त्याचं मोठं श्रेय याच काळ्या चिखलाला आहे. म्हणजे चार धातूंना कुलूप लावणारा राखणदार पाचव्याला मात्र स्वतःच दार उघडून देतो. म्हणून गाळ जड धातूंनी भरलेला आहे एवढं मोजून भागत नाही, त्यात कोण राहतं आणि काय करतं हेही पाहावं लागतं.

कोणत्या जनुकाने हे घडतं ते कळायला आणखी २८ वर्षं गेली. चेसापीक उपसागराच्या गाळातून, म्हणजे माझ्या घरापासून फार लांब नाही अशा ठिकाणाहून, वेगळा केलेला एक डिसल्फोव्हिब्रियो जातीचा जिवाणू संशोधकांकडे होता. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की एचजीसी-ए आणि एचजीसी-बी ही दोन जनुकं काढली की पाऱ्याला मिथाइल जोडण्याची त्याची क्षमता संपते. मग जगभरच्या जनुकसंग्रहांत ही जोडी शोधता येऊ लागली. भातखाचरं, दलदली, गोठलेली जमीन, सगळीकडे ती मिळाली. एका जिवाणूने शिकलेली ही खोड नव्हती, पाणथळ मातीतलं ते जुनं कसब होतं.

विष पचवणारे

जिवाणूंची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. पारा त्यांनाही मारतो. पारा वाढला की गाळातल्या नाजूक जाती हटतात, टिकणाऱ्या वाढतात. टिकणाऱ्यांकडे 'मर' नावाचा जनुकसंच असतो. त्यातलं एक विकर मिथाइल पाऱ्यातला कार्बनचा जोड तोडतं, दुसरं उरलेल्या पाऱ्याचं साध्या धातुरूप पाऱ्यात रूपांतर करतं. तो वाफ होऊन पेशीबाहेर आणि गाळाबाहेर निघून जातो. जपानी संशोधकांना खुद्द मिनामाताच्या गाळात असे जिवाणू मिळाले. १९९० च्या त्यांच्या निबंधात सेंद्रिय पारा उडवून लावणाऱ्या जिवाणूंची नोंद आहे. ज्या खाडीने माणसांना अंथरुणाला खिळवलं, तिच्याच तळाशी त्या विषावर जगायला शिकलेली प्रजा तयार झाली होती.

हे वाचून हायसं वाटतं, पण त्यात दोन पेच आहेत. उडालेला पारा नाहीसा होत नाही, हवेतून दुसरीकडे उतरतो. आणि 'मर' जनुकं बहुधा अशा उड्या मारणाऱ्या तुकड्यांवर असतात की त्यांच्या शेजारी प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकंही बसलेली असतात. जिवाणू पाऱ्यापासून वाचण्यासाठी तो तुकडा जपतो आणि औषधाला न जुमानण्याची ताकद फुकटात मिळवतो.

गोव्यात दोना पावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या रामय्या आणि डे यांनी भारताच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात आणि गाळात असे पाऱ्याला पुरून उरणारे जिवाणू शोधले. २००३ मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधाच्या मथळ्यातच या जिवाणूंची वाढ असामान्य असल्याचं म्हटलं होतं. मुंबईच्या बाजूची कहाणी त्याहून जुनी. ठाणे-मुंबई परिसरातल्या माशांमधल्या पाऱ्याची प्राथमिक पाहणी १९७५ मध्येच छापून आली होती, आणि उल्हास खाडीच्या गाळात साचलेल्या पाऱ्याचा अभ्यास २००३ मध्ये. क्लोरीन बनवण्याची पाऱ्याची जुनी पद्धत आपल्याकडे मागे पडली हे चांगलंच झालं. पण गाळाला कारखान्याचं टाळं ठाऊक नसतं. नळ बंद झाल्यावरही तळाशी आहे ते असतंच. गाळ उपसला, पूल बांधला, बंदर खोल केलं की झाकलेला थर पुन्हा वर येतो.

मिनामातात १९७७ ते १९९० अशी तेरा वर्षं खाडीचा गाळ उपसण्यात गेली. प्रमाणाबाहेर पारा असलेला गाळ पोलादी भिंतींआड भरून वर माती टाकली, ५८ हेक्टर नवी जमीन तयार झाली. खाडीच्या तोंडावर मासे अडवायला लावलेली जाळी १९९७ मध्ये निघाली. पारा नष्ट केला नाही, तो करताच येत नाही. त्याला जिवाणूंपासून आणि माशांपासून दूर ठेवलं, एवढंच. २०१३ मध्ये पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार झाला त्याला मिनामाताचंच नाव आहे. भारताने तो २०१८ मध्ये अंगीकारला.

डबी

आईचा पहिला मुद्दा अजून बाकी आहे, "तुझ्या वेळी मी खाल्ली, तुला काय झालं?" खरं उत्तर असं की बहुधा काही झालं नाही. त्या पत्रकामागे मिनामाताइतकं विष गृहीत धरलेलं नाही. तिथे हितासाठी थोडी जास्तच सावधगिरी आहे, कारण गर्भाचा वाढता मेंदू आईच्या मेंदूपेक्षा कितीतरी नाजूक असतो. हेही मिनामातातच कळलं. वार विषाला अडवते, असा तेव्हा वैद्यकाचा विश्वास होता. १९६२ मध्ये तिथल्या १६ मुलांना जन्मतःच हा आजार असल्याचं निदान झालं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता. आईच्या अंगातलं विष बाळाने झेललं होतं.

पत्रकाचा दुसरा अर्धा भाग मात्र लोक वाचतच नाहीत. मासे सोडा असं ते म्हणत नाही, उलट खा म्हणतं. खाण्याच्या यादीत लहान मासे आहेत, तारलीसारखे, मांदेलीच्या जातकुळीतले, आणि कोळंबी. आईने ती यादी मला दोनदा वाचायला लावली. मग सुरमईच्या तुकड्या नवऱ्याच्या वाट्याला गेल्या आणि माझ्या ताटात तीन महिने कोळंबीचं कालवण आणि तारलीचं सुकं आलं.

मुलगी झाली. आठवड्याभराने तिची वाळलेली नाळ गळून पडली, ती आईने पुसून एका छोट्या डबीत ठेवली. मी म्हटलं, कशाला? "असू दे. ठेवतात."

जपानी घरांतही ठेवतात. लाकडी पेटीत, कापसात गुंडाळून. १९७० नंतर डॉ. हारादा मासाझुमी मिनामाताच्या आसपासच्या घरोघरी गेले आणि लोकांकडे त्या पेट्या मागितल्या. एकेका नाळेतला मिथाइल पारा मोजला गेला, त्यावर जन्माचं साल होतंच. कारखान्याचं ॲसिटाल्डिहाइडचं उत्पादन ज्या वर्षांत वाढत गेलं, त्या वर्षांच्या नाळेत पाराही वाढत गेलेला दिसला. कारखान्याचे कागद, यंत्राचं उद्घाटन, सहानुभूतीचा करार, यातल्या कशातही नोंदवलेलं नव्हतं ते बायकांनी कपाटात जपून ठेवलं होतं.

आईला हे मी अजून सांगितलेलं नाही. डबी मात्र मी तिच्या बॅगेत जाऊ दिली नाही. ती इथेच, माझ्या कपाटात आहे.